तळटीप १७ : झीलकरी

१७. झीलकरी – पोवाडा गाणाऱ्या शाहिराच्या मागे उभे राहून त्याच्या ओळीचा शेवट उचलणारे आणि ‘जी जी र जी’ असा सूर लांबवणारे साथीदार. परंपरेने हे सारे पुरुषच. डफ शाहिराच्या हाती. तुणतुणे आणि झांज झीलकऱ्यांकडे. झील चालू असेपर्यंत शाहिराला दम घेता येतो आणि पुढच्या कडव्याची जुळणी करता येते. पोवाड्याचा निम्मा जोर या मागच्या रांगेचा असतो. तरी छापील पोवाड्यांवर नाव बहुधा एकट्या शाहिराचे, ही उणीव प्रस्तुत संपादकाला फार खटकते.

असे पोवाडे ज्या भागात गाजले त्यातले कुंडल (आज जि. सांगली) प्रतिसरकारच्या काळात औंध संस्थानात होते. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असा त्या संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. प्रतिसरकारच्या चळवळीत (१९४३–४६) शाहीर शंकरराव निकम यांचे पोवाडे या भागात गाजले. त्यांना पोवाडे लिहून देणाऱ्यांत ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) होते. तेही याच संस्थानातले, आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले.