गाडी वापीची, तक्रार तलासरीची

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका गुजरातेत गेला. त्यातली काही आदिवासी गावं महाराष्ट्रात राहिली आणि पुढे त्यांचाच तलासरी तालुका झाला. राज्याची हद्द बदलली तरी बाजाराची वाट बदलली नाही. तलासरीहून गुजरातेतलं वापी पंचवीस-तीस किलोमीटर, तर तेव्हाचं जिल्ह्याचं ठिकाण ठाणे शंभराहून जास्त. त्यामुळे मोटार घेण्याइतका पैसा हाती येऊ लागला तसे इथले लोक आधी वापीच्याच शोरूमकडे वळले. गाडी वापीत, घर तलासरीत आणि तक्रार ऐकणारा वापीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, वलसाडला, नाहीतर ठाण्याला. या भागातल्या वाहन-ग्राहकाची सगळी कहाणी या अंतरांनीच घडवली आहे.

सुरुवातीला तर तक्रारीचा प्रश्नच नव्हता, कारण गाडी मिळणं हेच भाग्य. मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर केंद्र सरकारने १९५९ मध्ये नियंत्रण आदेश काढला. नाव नोंदवायचं आणि नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट हवी असली तर शेजारच्या डहाणूच्या चिकूबागायतदारालाही याच रांगेतून जावं लागे. ज्याला थांबायचं नसे तो ‘ऑन’चे, म्हणजे किमतीवरचे जादा पैसे मोजी. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमतीही ठरवून दिल्या, पण मालच कमी असताना ठरलेल्या किमतीला गाडी मिळणार कशी? दरवाजा नीट लागत नाही किंवा रंग उडालाय म्हणून गाडी परत करण्याचं धाडस कोण करणार? मागे रांगेत दुसरा उभाच होता.

दुरुस्तीचं जग निराळं होतं. मुंबई–अहमदाबाद महामार्ग डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जातो आणि डहाणू–जव्हार–नाशिक रस्ता त्याला चारोटीला छेदतो. अशा नाक्यांवर गॅरेज, पंक्चरवाले, कमानपाट्यांचं काम करणारे मिस्त्री बसले ते ट्रकांच्या जोरावर. मोटारींचं काम त्यांच्याकडे मागाहून आलं. मिस्त्री इंजिन उघडायचा, पोऱ्या रॉकेलच्या डब्यात पार्ट धुवायचा, मालक बाकड्यावर बसून राहायचा. काम संपलं की वहीच्या फाडलेल्या पानावर हिशेब: मजुरी इतकी, सामान इतकं. पार्ट कंपनीचा की लोकल, हे मिस्त्रीने सांगायचं आणि मालकाने मानायचं. गावातल्या गिऱ्हाइकाशी हा व्यवहार चोख चाले, कारण उद्या त्याच नाक्यावर तोंड दाखवायचं असे. रात्री गाडी बंद पडलेल्या परगावच्या माणसाला मात्र ना ओळखीचा आधार होता, ना कागदाचा.

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीने बाळसं धरलं ते १९७० च्या दशकात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. गाडीची रांग मात्र अजून होतीच: डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तीही दहा-दहा हजार रुपये आगाऊ भरून बुकिंग केलेल्या लोकांसाठीच. तीन वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. सदोष माल आणि सेवेतली त्रुटी हे शब्द त्या कायद्याने व्यवहारात आणले. वकील न लावता जिल्हा मंचापुढे उभं राहता येऊ लागलं.

कायदा आला, पण जिल्हा मंच ठाण्याला. २०१४ पर्यंत डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. एका तारखेला जायचं म्हणजे पहाटेची गाडी पकडायची आणि दिवसाची मजुरी बुडवायची. तारीख पुढे ढकलली गेली की पुन्हा तेच. आणि गाडी वापीतून घेतली असेल तर ठाणेही उपयोगाचं नव्हतं. जुन्या कायद्यात विक्रेत्याचा धंदा जिथे किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं तिथेच दाद मागायची सोय होती. म्हणजे वलसाड, म्हणजे परराज्य.

दुसरी अडचण पोटापाण्याच्या गाडीची. डहाणू रोड स्टेशनपासून आतल्या पाड्यांपर्यंतची वाहतूक काळ्या-पिवळ्या जिपांनी आणि नंतर इकोंनी पेलली. कर्ज काढून अशी गाडी घेणारा तरुण ‘धंद्यासाठी’ खरेदी करतो, मग तो ग्राहक कसा, असा युक्तिवाद कंपन्या करत. १९९३ च्या दुरुस्तीने त्यावर उत्तर दिलं: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच. स्वतः गाडी चालवून उपजीविका करणारा या व्याख्येत बसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. पाड्यावरच्या ड्रायव्हरच्या दृष्टीने मूळ कायद्याइतकीच मोलाची ही दुरुस्ती होती.

अंतराचं कोडं सुटायला मात्र २०२० उजाडावं लागलं. त्या वर्षी २० जुलैला लागू झालेल्या नव्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची मुभा दिली. सप्टेंबरमध्ये ई-दाखिल सुरू होऊन घरबसल्या अर्ज भरता येऊ लागला. वापीच्या शोरूमविरुद्ध तलासरीच्या माणसाने वलसाडला खेटे घालण्याचं कारणच उरलं नाही. डिसेंबर २०२१ पासून ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या (पूर्वीच्या जिल्हा मंचाच्या) कक्षेत आहे, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

हक्क मिळाला म्हणजे नवी गाडीच हाती पडेल, असं मात्र नाही. एखादा भाग बिघडला तर वॉरंटीनुसार तो भाग बदलून मिळेल, सरसकट गाडी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात म्हटलं. म्हणून तर सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर स्वतःच्या शब्दांत तक्रार लिहून घेणं आणि त्याची प्रत हातात घेऊनच बाहेर पडणं फार मोलाचं. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेलं कार्ड आयोगापुढे काहीच सिद्ध करत नाही. क्लच घसरतोय, अशी तीन वेळा नोंद असेल तर ती बोलते.

चारोटीच्या मिस्त्रीलाही एका निर्णयाने बळ दिलं. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या आणि बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द, अशी भीती घालणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध वर दाद मागायला गेल्या. पण नाक्यावरच्या गॅरेजला अस्सल पार्ट मिळाला पाहिजे, हे तत्त्व तेव्हा पहिल्यांदा ठामपणे मांडलं गेलं.

राहिला जुन्या गाड्यांचा बाजार. सीमेपलीकडची गाडी स्वस्त पडते म्हणून ती आणायची आणि त्याच पासिंगवर वापरत राहायची, ही सवय जुनी आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. नावाचं हस्तांतर न करता सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळं होणं तर विकणाऱ्याच्याच अंगाशी येतं, कारण अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच धरलं जाईल, असा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात आल्याचं ऑनलाइन कळवावं लागतं. तलासरीच्या ग्राहकाने जुनी गाडी बघायला वापीला जावं, पण टायर आणि मीटर बघण्याआधी ते अधिकारपत्र मागावं.