मोगलाई, तुघलकी आणि फतवा

माझी पुतणी सहावीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून आली आणि दप्तर कोपऱ्यात टाकून गप्प बसून राहिली. रात्री जेवणानंतर जवळ येऊन तिने विचारले, "चाचा, मोगलाई म्हणजे आपण का?" वर्गात गोंगाट चालला होता. बाईंनी टेबलावर डस्टर आपटून "इथे काय मोगलाई लागलीय का?" असे दरडावले आणि पुढच्या बाकावरच्या दोन मुलींनी वळून हिच्याकडे पाहिले. बाईंच्या मनात वावगे काही नव्हते, याची मला खात्री आहे. माझे शिक्षक असेच म्हणत आणि पुढे शिक्षक झाल्यावर मीही हे वाक्य वर्गात अनेकदा उच्चारले आहे. पण त्या रात्री पुतणीला उत्तर देताना मी अडखळलो.

बेबंद कारभाराला 'मोगलाई', लहरी निर्णयाला 'तुघलकी' आणि वरून लादलेल्या हुकमाला 'फतवा' असे आपण सर्रास म्हणतो. वर्तमानपत्रांचे मथळे या शब्दांवर चालतात. ऐकताना कपाळाला आठी पडते, पण बोलायचे कसे? बोललो तर 'किती हळवे तुम्ही' हे आणखी एक चीड आणणारे वाक्य ऐकावे लागते. म्हणून चिडण्याऐवजी या शब्दांचा इतिहास तपासलेला बरा.

'मोगलाई' हा मुळात मुलुखाचा शब्द. मराठी कागदपत्रांत 'स्वराज्य' आणि 'मोगलाई' असे दोन प्रदेश येतात. निजाम हा मोगलांचा सुभेदार, म्हणून त्याचा मुलूख मोगलाई. 1948 पर्यंत इंग्रजी हद्दीतली माणसे हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्याला मोगलाईच म्हणत. तिथल्या गावांतून निजामाचा अंमलदार सारा घेई आणि मराठ्यांचा कमाविसदार चौथ व सरदेशमुखी वसूल करी. रयतेला दोन धनी होते. त्याआधी 1681 ते 1707 या काळात औरंगजेबाच्या युद्धाने दक्षिण होरपळली होती. तेव्हा शब्दाला कडू चव आली, यात नवल नाही. ती होरपळ नाकारण्याचे कारणही नाही. मात्र त्या होरपळीत मुसलमान कुणबी आणि विणकरही होते, हे विसरले जाते.

शिवाय मोगलाई म्हणजे हिशेब नसलेला कारभार, हा अर्थ इतिहासाला धरून नाही. मोगल राजवट हिशेबाच्या बाबतीत काटेकोर होती. सतराव्या शतकाच्या मध्यात मुर्शिद कुली खान या दिवाणाने दख्खनमध्ये जमिनीची मोजणी करून साऱ्याची घडी बसवली आणि बैल-बियाण्यासाठी शेतकऱ्यांना कर्जे दिली. अशा कर्जाला 'तकावी' म्हणत. आपल्या शेतकऱ्याची 'तगाई' ती हीच. तहसील, तालुका, जिल्हा, महसूल, जमाबंदी, दिवाणी, फौजदारी हे शब्द त्याच फारसी परंपरेतले. 'तहसील कचेरीत मोगलाई माजली आहे' अशी तक्रार करणारा माणूस, नकळत का होईना, त्याच व्यवस्थेच्या भाषेत तक्रार करत असतो.

आता तुघलक. मुहम्मद बिन तुघलक (1325-1351) क्रूर होता. दुष्काळात दोआबात वाढवलेला सारा त्याच्या अंगलट आला, हे समकालीन बखरकार बरनीने लिहून ठेवले आहे. त्याची वकिली मला करायची नाही. पण 1327 मध्ये त्याने देवगिरीला राजधानी हलवली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले, एवढ्यावरून त्याला वेडा ठरवणे सोपे आहे. राज्य दक्षिणेपर्यंत पसरले होते आणि दिल्लीतून ते सांभाळणे अवघड होते. दिल्ली पूर्ण ओस पडली हेही खरे नव्हे. त्याच सुमाराचे संस्कृत शिलालेख तिथला व्यवहार चालू असल्याची साक्ष देतात. चांदीच्या नाण्याऐवजी हलक्या धातूचे प्रतीक नाणे काढण्याचा त्याचा प्रयोग नकली नाण्यांमुळे फसला. पण राज्याच्या हमीवर चालणारे चलन ही कल्पना आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

राजधानी परत गेली, माणसे मात्र सगळी गेली नाहीत. हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब त्याच स्थलांतरात दख्खनमध्ये आले आणि खुलदाबादेत विसावले. दिल्लीची बोली इथल्या मातीत रुजली आणि तिची दखनी झाली. आजही अनेक मराठी मुसलमानांच्या घरात चुलीपाशी ती बोलली जाते. ज्या निर्णयाला आपण 'तुघलकी' म्हणून हसतो, त्याचे एक फळ आपल्या जिभेवर आहे.

फतव्याची गत सर्वांत वाईट. फतवा म्हणजे हुकूम नव्हे. कोणी प्रश्न विचारतो आणि मुफ्ती शास्त्राच्या आधारे आपले मत देतो. दुसरा मुफ्ती वेगळे मत देऊ शकतो. निवाडा देणे हे काझीचे काम. मुफ्तीच्या हाती ना शिपाई असतो ना तुरुंग. काही फतवे संकुचित असतात, त्यांवर टीका झालीच पाहिजे आणि ती आपणच आधी करायला हवी. पण इतिहासात दुसरेही पान आहे. असहकाराच्या चळवळीत उलेमांनी इंग्रज सरकारशी असहकार करावा असा फतवा दिला आणि सरकारने तो जप्त केला. 1921 च्या कराची खटल्यात इंग्रजी फौजेतली नोकरी निषिद्ध ठरवणाऱ्या ठरावाबद्दल अली बंधू आणि मौलाना हुसेन अहमद मदनी यांच्याबरोबर शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थही आरोपी म्हणून उभे होते. हुकूम सरकारचा होता, फतवा त्या हुकमाविरुद्ध होता.

हे शब्द बंद करा, अशी मागणी मी करणार नाही. भाषा कोणाच्या मागणीने बदलत नाही. शिव्याशापांत तर ती कोणालाच सोडत नाही. अडचण वेगळी आहे. सहाशे-सातशे वर्षांचा गुंतागुंतीचा काळ एका शिवीत गुंडाळला, की त्या शिवीचा वारस म्हणून वर्गातली एक मुलगी आपोआप निवडली जाते. तिने दिल्ली पाहिलेली नसते आणि तिच्या पूर्वजांनी कोणावर राज्य केलेले नसते. पाठ्यपुस्तक तिला हे सांगत नाही. आपणही तिला सांगत नाही, हा दोष आपला.

त्या रात्री मी पुतणीला एवढेच म्हणालो, "नाही बेटा, आपण मोगल नाही. आपण या गावचे. पण तू कोपऱ्यात टाकलेस ना, त्या 'दप्तर' शब्दाची गोष्ट सांगतो, ये." ती उठली आणि दप्तर घेऊन आली.