ब्रायर पाइप, इंग्लिश (कोरीव)

भूमध्य समुद्राकाठच्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या गाठीपासून बनवलेला, तंबाखू ओढण्याचा पाइप. ही गाठ खोडाच्या तळाशी, जमिनीत वाढते. तिचे लाकूड कठीण, दाट व उष्णता सोसणारे असल्याने वाटीत तंबाखू जळत असतानाही सहसा पेट घेत नाही. गाठीचे तुकडे पाण्यात उकळून रस काढतात व ते दीर्घकाळ वाळवतात.

इतिहास : मातीच्या आणि मीरशॉम या मऊ खनिजाच्या पाइपांची जागा ब्रायरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतली. या धंद्याचे आद्य केंद्र फ्रान्समधील सँ-क्लोद. तेथील पाइप बनवणाऱ्या कोमॉय घराण्यातील हेन्री कोमॉय १८७९ मध्ये लंडनला आले. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले व १९१० मध्ये पाइपांचा स्वतःचा कारखाना काढला.

कोरीवकाम : गाठीत बारीक खड्डे व चिरा असतात, गुळगुळीत पाइपाला लागणारा निर्दोष तुकडा क्वचितच मिळतो. त्यामुळे अनेक पाइपांचा पृष्ठभाग छिन्नीने खडबडीत करतात किंवा त्यावर नक्षी, चेहरे कोरतात. दुसऱ्या पद्धतीत वाळूचा जोरदार झोत सोडतात. त्याने मऊ भाग झिजून कठीण वलये उठून दिसतात. या पद्धतीच्या पेटंटसाठी डनहिल यांनी १९१७ मध्ये अर्ज केला. त्यांचे असे पाइप ‘शेल’ नावाने विकले गेले.

कालनिश्चिती : दांडीवर उत्पादकाचा ठसा असतो. चांदीचे कडे असल्यास त्यावरील चालता सिंह चांदीची शुद्धता दाखवतो, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमची तपासणी आणि बिबट्याचे मुंडके लंडनची. सोबतच्या अक्षरावरून वर्ष कळते.

दुरुस्ती : वाटीतील काजळीचा थर खरवडून पातळ करतात, धुराची नळी अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काड्यांनी साफ करतात. तोंडात धरायचा भाग बहुधा व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचा असतो. उजेडाने त्यावर चढलेला हिरवट-तपकिरी थर घासून काढतात. दातांचे खळगे ऊब दिल्यास बरेचसे वर येतात. कोरीव पृष्ठभागाला मात्र पॉलिशपेपर लावत नाहीत. खाचांतील मळ मऊ ब्रशने काढून मेणाचा हलका हात देतात. ठसा पुसलेला व नक्षी बोथट झालेला पाइप कितीही चकचकीत असला, तरी संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल घटते.