वर्डप्रेस संकेतस्थळाचे स्थलांतर
स्वतःच्या सर्व्हरवरील वर्डप्रेस संकेतस्थळ डेटाबेससह दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची प्रक्रिया. वर्डप्रेस (२००३) या पीएचपीतील मुक्त प्रणालीत लेख मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी डेटाबेसमध्ये, तर चित्रे, थीम व प्लगइन फाइलींत असतात. म्हणून दोन्हींच्या प्रती एकाच वेळच्या असाव्यात. 'मायएसक्यूएलडम्प' या साधनाने काढलेली डेटाबेसची प्रत नव्या सर्व्हरवर भरून कॉन्फिगरेशन फाइलीत डेटाबेसचे नवे नाव व पासवर्ड नोंदवतात. अक्षरसंच जुळला नाही, तर देवनागरी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. डोमेन बदलताना डेटाबेसमधील जुन्या पत्त्याचा साधा शोध-बदल धोक्याचा ठरतो : सीरियलाइज केलेल्या नोंदींत मजकुराची लांबीही साठवलेली असते, ती चुकल्यास नोंद वाचता येत नाही. डीएनएस नोंदीचा टीटीएल (ती नोंद साठवून ठेवण्याची मुदत) आधीच कमी केल्यास वाचक लवकर नव्या सर्व्हरकडे वळतात. पूर्ण तपासणी होईपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नये.