खांद्यावर की मनगटावर? एका गोंदणाची गोष्ट

परवा भाचा घरी आला. चाकणला कंत्राटी कामगार आहे, प्रेस शॉपमध्ये. रोज पहाटे उठून धावतो, कारण डोक्यात आर्मी भरती. चहा घेता घेता मोबाईल पुढे केला. "मामा, हा पॉलिनेशियन टॅटू बघ. खांद्यापासून कोपरापर्यंत. बोनस आला की करतोय." काळ्याभोर पट्ट्या, त्रिकोणांच्या ओळी, मधे कासव. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "योद्धा." दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे.

आता थोडा इतिहास. मुळात टॅटू हा शब्दच त्या बेटांवरचा. ताहिती, सामोआकडे म्हणतात 'तताऊ'. 1769 साली कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला लागलं, सोबतच्या जोसेफ बँक्सने गोंदणं बघून लिहून ठेवलं, आणि खलाशांबरोबर तो शब्द युरोपात पोहोचला. पुढे मिशनरी आले आणि अनेक बेटांवर याच गोंदणाला त्यांनी रानटी ठरवलं. सामोआत मात्र ते टिकलं. तिथल्या पुरुषांचं 'पेआ' कमरेपासून गुडघ्यापर्यंत असतं. रानडुकराच्या सुळ्याची फणी कातडीवर ठेवून वरून काठीने ठोकत जायचं, असे कित्येक दिवस. वेदना सहन न होऊन मधेच उठला, तर ते अर्धवट गोंदण आयुष्यभर लाज म्हणून मिरवायचं. थोडक्यात, नक्षी कुठली याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं. न्यूझीलंडच्या माओरींच्या चेहऱ्यावरच्या 'मोको'त तर अख्खं कूळ वाचता येतं. 2013 साली नायकेने पेआची नक्षी बायकांच्या लेगिंग्जवर छापली, तेव्हा सामोअन लोक भडकले आणि कंपनीला माल मागे घ्यावा लागला. पेआ पुरुषांचं, तेही कमावलेलं. त्याचं कापड कसलं करता?

हे सगळं सांगताना मला माझी आजी आठवत होती. खेड तालुक्यातली. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस. जत्रेत गोंदणारीण बसायची. सुया एकत्र बांधलेल्या, काजळ, पाल्याचा रस. काजळ काळंच, पण कातडीखालून हिरवट दिसतं, म्हणून हिरवं गोंदण. आजी म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं काढून घेतात, एवढं बरोबर येतं. तिच्याही गोंदणाच्या जागा ठरलेल्या होत्या, मन मानेल तिथे नाही.

पुढे पिंपरीत 1954 ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक कारखाने, कॉलन्या. आमचे वडीलही इकडे नोकरीला लागले. चिंचवडच्या चाळीत आईने कपाळावरचा ठिपका मोठ्या टिकलीखाली झाकला तो कायमचा. गोंदलेली बाई म्हणजे गावंढळ, असा तो काळ. ज्या गोंदणारणींचा यावर संसार चालायचा त्यांचं काय झालं, याची चौकशी कुणी केली नाही. मीही नाही. आता त्याच शहरात काचेच्या दुकानात त्याच काळ्या रंगाला हजारो रुपये मोजतात. चालायचंच.

पण भाच्याचा प्रश्न हौसेचा नव्हता, पोटाचा होता. लष्कराच्या भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं: कायमचा टॅटू चालेल तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. बाकी अंगावर कुठेही असेल तर उमेदवार बाद. सवलत आहे ती परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी जमातींना, आणि ती योग्यच आहे. म्हणजे पोरगा धावण्यात पहिला आला तरी दंडावरच्या कासवापायी घरी येणार. लेझरने काढता येतं, पण पैसे करण्यापेक्षा जास्त जातात, वेळ लागतो आणि डाग राहू शकतो. भरीव काळा रंग तर फारच चिवट.

त्याला हे माहीतच नव्हतं. दुकानदाराने सांगितलं नाही, अकॅडमीतही कुणी बोललं नाही. आपल्या पट्ट्यात भरतीची तयारी करणारी पोरं थोडी नाहीत, म्हणून हे सगळं इथे लिहितोय. पोलीस भरतीचे नियम वेगळे असू शकतात, त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. आणि प्रेस शॉप, कूलंट, तेलकट हातमोजे यात काम असेल तर ताजी जखम घेऊन शिफ्टला जाऊ नका. दोन-तीन आठवडे ती जपावीच लागते. कंत्राटदार तेवढी सुट्टी देतो का, ते आधी विचारा.

भाचा जरा गप्प झाला. मग आजीचा जुना फोटो मागून घेतला, मोबाईलवर मोठा करून तिचा हात बघत बसला. "ही तुळस मनगटाच्या आत बसेल ना रे मामा?" बसेल की. पण भरती होईपर्यंत तीही नको, असं मी म्हटलं. त्यावर आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. रविवारी येतोय. येताना जाहिरातीची प्रिंट घेऊन ये म्हणून सांगितलंय.