अश्वत्थाम्याला तेल कोणी दिलं?

सातपुड्यात अश्वत्थामा अजून हिंडतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, ही गोष्ट खानदेशात लहानपणीच कानावर पडते. सांगणारा आवाज खाली आणत नाही. पाऊसपाण्याची गोष्ट काढावी तशी ती सांगतो.

हे तेल आलं कुठून? महाभारताच्या सौप्तिकपर्वात ते नाही. द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारून अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, तेव्हा कृष्णाने शाप दिला: तीन हजार वर्षं रानोमाळ एकटा भटकशील, अंगाला पू-रक्ताचा दर्प येईल, कोणाशी बोलणं होणार नाही. कपाळावरचा मणी अश्वत्थाम्याने तिथे स्वतःच काढून दिला. भागवतात मात्र अर्जुन तो तलवारीने केसांसकट कापून घेतो. लोकांनी त्या जागी कायमची भळभळती जखम ठेवली, तीन हजार वर्षांची मुदत काढून टाकली, मुक्याला बोलतं केलं आणि त्याच्या तोंडी गरिबाच्या घरातही सापडेल अशी मागणी घातली.

या कथेला पत्ताही आहे. सुमारे 1325 मीटर उंचीचा अस्तंभा डोंगर 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, तरुणांचे जथे डोंगर चढतात. वाट चुकलेल्याला अश्वत्थामाच वाट दाखवतो, असं मानतात. फारुकी सुलतानांच्या अशीरगडावर तोच रोज पहाटे महादेवाला फूल वाहून जातो, म्हणे.

अघटित असं रोजच्या सुरात सांगण्याला साहित्यात ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात. हे नाव जर्मन समीक्षक फ्रान्झ रोह याने 1925 मध्ये चित्रकलेसाठी वापरलं. 1949 मध्ये क्युबाच्या आलेहो कार्पेंतिएरने लॅटिन अमेरिकेच्या अद्भुत वास्तवाची बाजू मांडली. 1967 मध्ये कोलंबियाच्या मार्केझची ‘एकाकीपणाची शंभर वर्षं’ ही कादंबरी आली. हा सूर आजीचा, असं तो सांगे: अघटित गोष्टसुद्धा ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची.

आपल्याकडे जादुई वास्तववाद म्हटलं की बोट थेट कोलंबियाकडे जातं. पण चिरंजीव माणूस ही झाली नुसती जादू; त्याला वाटीभर तेल लागतं, तेव्हा तो शेजारचा होतो. खानदेशातल्या निनावी कथेकऱ्यांना हे तंत्र पक्कं ठाऊक होतं. मराठीत त्याची कुळकथा लिहायची, तर मार्केझच्या आधी त्यांना जागा द्यावी लागेल.