टाक्याची उलट बाजू

भरतकामाच्या पुस्तकांत टाके नावांनी येतात. साखळी टाका, काजटाका, गहू टाका, हेरिंगबोन, लेझी डेझी, बुलियन अशी यादी, प्रत्येकापुढे एक आकृती आणि आकृतीत तिरकी सुई. ही आकृती बहुतेक वेळा कापडाच्या सुलट्या बाजूची असते. त्या वेळी मागे धागा काय करतो आहे ते सांगायची कुणाला गरज वाटत नाही. म्हणून टाके हाताला येतात, पण कळत नाहीत. कोणत्या टाक्याला धागा जास्त लागेल, कोणता रोजच्या धुण्यात टिकेल, कोणता एक टोक ओढताच सगळा उसवेल, याची उत्तरे नावांत सापडत नाहीत. ती धाग्याच्या वाटेत असतात, आणि त्या वाटेचा मोठा भाग कापडाच्या मागून जातो.

या वाटेच्या अंगाने वर्गीकरण केले की शेकडो नावांची चार कुळे होतात. पहिल्या कुळात धागा कापडावर नुसता आडवा पडतो, स्वतःभोवती कुठेच अडकत नाही: धावदोरा, उलटी टीप, स्टेम स्टिच, सॅटिन, फुलीचा टाका, हेरिंगबोन. दुसऱ्या कुळात धागा फास करतो आणि पुढचा टाका त्या फाशाला धरून ठेवतो: साखळी, काजटाका, फेदर, लेझी डेझी. तिसऱ्यात सुईला धाग्याचे वेढे देऊन गाठ बसवली जाते: फ्रेंच नॉट आणि बुलियन. चौथ्यात दोन धागे किंवा धाग्याचे दोन प्रवास असतात. एक कापडात शिरतो, दुसरा वरच राहतो. जरदोजीतली जर आणि कच्छी टाक्यातली वीण, दोन्ही याच कुळातली. कच्छी टाक्यात आधी कापडावर धाग्याचा सांगाडा घालतात आणि मग सुई कापडाला न टोचता त्या सांगाड्यातून खालीवर विणत नेतात.

कुळ ओळखले की बरेच गुणधर्म आपोआप कळतात. साखळीचेच पाहा. तिचा प्रत्येक फास पुढच्या फाशाने धरलेला असतो, शेवटचा मात्र एका बारीक टाक्याने. तो टाका तुटला आणि धाग्याचे टोक हाती आले, की तांदळाच्या पोत्याची शिवण सरसर सुटते तशी साखळी उसवत जाते. कच्छमधल्या मोची कारागिरांची आरी हीच साखळी आकड्याने काढते. धागा खालून पुरवायचा आणि आकड्याने फास वर ओढायचा, त्यामुळे वेग सुईच्या कितीतरी पट. वाट तीच असल्यामुळे उसवण्याचा धोकाही तोच. आरीकाम केलेल्या कुडत्याचा एक धागा निघाला, तर कात्रीने न कापता तो मागे ओढून गाठवावा, तो यासाठी.

गाठीच्या कुळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सगळा ऐवज पुढे, मागे फ्रेंच नॉटचा फक्त ठिपका आणि बुलियनचा एक साधा टाका. अशा गाठी उशीच्या अभ्र्यावर गालाला टोचतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिल्या कुळाकडे जरा जास्त थांबले पाहिजे, कारण वरकरणी सर्वांत साधे हेच आहे आणि खरी गुंतागुंतही इथेच आहे. एका टाक्याची लांबी एक एकक धरून हिशोब मांडू. धावदोऱ्यात सुई एक एकक पुढून, एक एकक मागून जाते. एक एकक पुढे सरकायला एकच एकक धागा. उलट्या टिपेत पुढून एक एकक मागे यायचे आणि कापडाखालून दोन एकके पुढे जायचे, म्हणजे एक एकक सरकण्यासाठी तीन एकके धागा. स्टेम स्टिचमध्ये पुढून दोन एकके पुढे आणि खालून एक एकक मागे, म्हणजे खर्च पुन्हा तीनच. या दोन टाक्यांच्या मागच्या बाजू अदलाबदल केलेल्या असतात. उलट्या टिपेच्या मागे स्टेमसारखी पिळाची रेघ उमटते, स्टेमच्या मागे टिपेसारखी सलग रेघ. पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणे असतात. वाट पाहिली तर तो एकच टाका, कापडाच्या दोन बाजूंनी पाहिलेला.

हेरिंगबोनचे असेच. पुढून तिरप्या फुल्या, मागून समांतर टाक्यांच्या दोन ओळी. लखनौच्या चिकनकारांनी हे ओळखून टाका उलटवला. तलम मलमलीच्या मागच्या अंगाने ते हेरिंगबोन घालतात, म्हणजे पुढे पाकळीच्या कडा टिपेच्या दोन रेघांनी उमटतात आणि मागच्या फुल्या कापडातून सावलीसारख्या दिसतात. तिथे याला बखिया म्हणतात. जाड केसमेंटवर हा प्रयोग केला तर सावली पडत नाही आणि मेहनत वाया जाते. टाका निवडताना कापडाची पारदर्शकताही मोजावी लागते ती अशी.

सॅटिन टाका धागा खाणारा. पाकळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुढून जायचे आणि तेवढेच मागून परत यायचे, म्हणजे निम्मा धागा कुणी पाहणार नाही अशा जागी. पंजाबच्या फुलकारीत ही उधळपट्टी टाळलेली आहे. खद्दरच्या उलट्या बाजूने सूत मोजत, पीळ नसलेल्या रेशमाचे लांब टाके पुढे सोडायचे आणि मागे एखाद-दुसरे सूत उचलायचे. महाग रेशीम जवळजवळ सगळे सुलट्या बाजूला राहते. कच्छचे सूफ भरतकामही उलट्या बाजूने सूत मोजूनच होते. आज ज्याला थ्रेड पेंटिंग म्हणतात, त्या लांब-आखूड टाक्यांच्या छायाचित्रासारख्या कामात मात्र ही काटकसर साधत नाही. तिथे टाके एकमेकांत घुसवायचे असतात, त्यामुळे मागची बाजूही पुढच्याइतकी भरते.

सॅटिनची झळाळी धाग्यातूनही येते. जॉन मर्सरने 1844 मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली, पण सूत आटत असे. 1890 मध्ये होरेस लोने ते ताणून धरून प्रक्रिया केली आणि त्याला रेशमासारखी चमक आली. आपल्या लड्या या मर्सराइज्ड सुताच्या असतात. अशा सुताचे टाके शेजारी शेजारी समांतर बसले की प्रकाश एका दिशेने परततो. म्हणून पानाचा डावा अर्धा भाग एका तिरपेने आणि उजवा दुसऱ्या तिरपेने भरला, तर एकाच हिरव्यात दोन छटा दिसतात. दुसरी लडी विकत आणायच्या आधी हे करून पाहावे.

आता या विवेचनातला सर्वांत रसाळ भाग: दुहेरी धावदोरा. धावदोरा एकदा घातला की एक टाका पुढे, एक मागे, मध्ये रिकाम्या जागा. त्याच वाटेने परत येत त्या जागा भरल्या की दोन्ही बाजूंना सारखीच सलग रेघ मिळते, आणि तीही दोन एकके धाग्यात. उलट्या टिपेहून एक तृतीयांश कमी. युरोपात या टाक्याला चित्रकार होल्बाइनचे नाव मिळाले, कारण त्याने रंगवलेल्या व्यक्तिचित्रांत कफांवर या टाक्याची काळी नक्षी सुताच्या बारकाव्यासह दिसते. आपल्याकडे तो कर्नाटकी कशिद्यातून घरोघरी आला. धारवाड-हुबळीच्या कसूतीतला गवंती म्हणजे हाच. मुरगी हा त्याचाच जिन्यासारखा चढता प्रकार. नेगीत विणल्यासारखे लांब-आखूड टाके असतात आणि मेंथी म्हणजे फुली. या दोहोंच्या दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. इलकल लुगड्यांवरची गोपुरे, पालख्या, तुळशीवृंदावने छापाशिवाय, सूत मोजून आणि गाठ न मारता उतरवलेली असतात.

गाठ नाही, मागची बाजू पुढच्यासारखी आणि रेषांना फाटे फुटलेले. मग सुई नेमकी कुठून न्यायची? कसबी हात हे सवयीने करतात, पण त्यामागे नियम आहे आणि तो सिद्ध करता येतो. लिओनार्ड ऑयलरने 1736 मध्ये कोनिग्सबर्गच्या पुलांचा प्रश्न सोडवताना मांडले की प्रत्येक बिंदूला मिळणाऱ्या रेषांची संख्या सम असेल, तर प्रत्येक रेषेवरून एकदाच जाऊन परत सुरुवातीला येता येते. दुहेरी धावदोऱ्यात प्रत्येक टाका दोनदा चालायचा असतो, त्यामुळे प्रत्येक बिंदूवरची संख्या आपोआप सम होते. नक्षी अखंड जोडलेली असली की फेरी पूर्ण होणारच.

मात्र तेवढ्याने भागत नाही. सुई आळीपाळीने पुढे आणि मागे जाते, म्हणून प्रत्येक जागेवरून एकदा पुढून आणि एकदा मागून जाणे झाले पाहिजे. पावलांना क्रमांक द्या: विषम क्रमांक पुढे, सम क्रमांक मागे. एक चौकोन घ्या, प्रत्येक बाजू एक टाका. पहिल्या फेरीत चार बाजूंना 1, 2, 3, 4 मिळतील. दुसरी फेरी त्याच दिशेने काढली तर पहिल्या बाजूला 1 आणि 5, दुसरीला 2 आणि 6 येतात. म्हणजे पहिली बाजू दोन्ही वेळा पुढे, दुसरी दोन्ही वेळा मागे, आणि सुलट्या बाजूला चौकोनाच्या दोनच भिंती उरतात. चौथ्या टाक्यानंतर आल्या वाटेने परत फिरले, तर चौथ्या बाजूला 4 आणि 5, तिसरीला 3 आणि 6, दुसरीला 2 आणि 7, पहिलीला 1 आणि 8 मिळतात; एकूणएक जोड्या विषम-सम. त्रिकोणात त्याच दिशेची दुसरी फेरीही चालते, कारण तीन विषम आहे. पण सरळ सुतावर फक्त उभ्या-आडव्या टाक्यांनी बनलेली कोणतीही बंद आकृती सम टाक्यांचीच होते, म्हणून मॅटीच्या कापडावर अशा आकृतीत तो मोह टाळावा.

फाट्यांचेही तसेच. मुख्य रेषेवरून फांदी फुटली की तिच्यावर जायचे, तिच्या उपफांद्या संपवायच्या आणि आल्या वाटेने परत येऊन मगच पुढे जायचे. फांदीच्या पहिल्या टाक्यावरून निघताना क्रमांक विषम असेल, तर आतल्या प्रत्येक टाक्यावरून दोनदा, म्हणजे एकूण सम पावले, चालून परत येताना त्या टाक्याला सम क्रमांक मिळतो. वाटेत आधी भेट दिलेला बिंदू समोर आला, तर त्याला टेकून लगेच माघारी यायचे. या दोन नियमांनी कितीही किचकट पण जोडलेली नक्षी दोन्ही बाजूंनी पुरी होते. मोराच्या पोटातला सुटा ठिपका मात्र या फेरीत येऊ शकत नाही. त्याला मुख्य रेषेशी जोडणारा एखादा टाका नक्षीतच द्यावा, नाहीतर त्याच्यासाठी वेगळा धागा घ्यावा.

इथे एक मत नोंदवतो. स्पर्धांत आणि शिवणवर्गांत कापड उलटे करून मागची बाजू पुढच्यासारखी नाही म्हणून नावे ठेवण्याची रीत आहे. दुहेरी धावदोऱ्याला ती कसोटी योग्य, कारण त्याची रचनाच तशी आहे. फुलकारीच्या मागे ठिपके नि चिकनच्या मागे फुल्या असणे हेच बरोबर आहे, आणि स्टेम स्टिचच्या मागे टीप दिसली नाही तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. उलटी बाजू सुंदर आहे का, यापेक्षा ती त्या टाक्याला शोभणारी आहे का, हे विचारावे.

प्रकल्पाची निवडही मग सोपी होते. रिंगसकट भिंतीवर लावायच्या कामाची मागची बाजू कुणी पाहत नाही. तिथे सॅटिन, बुलियन, वर उचललेले काम, काहीही करावे. अस्तर लावायच्या पिशवीतही तीच मोकळीक. बाळाच्या झबल्याची उलटी बाजू कातडीला लागते; तिथे गाठी आणि जर नको, मागे लांब सुटे धागे नकोत. रोज धुवायच्या कपड्यावर सॅटिनचे टाके सेंटिमीटरभराहून लांब ठेवले तर बांगडीत अडकतात.

ओढणी, रुमाल, पडदा यांना दोन्ही बाजू असतात, म्हणून त्यांना दुहेरी धावदोरा. ओढणीची किनार घेतली तर पहिली अडचण धाग्याच्या लांबीची येते. हातभर, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर धागा घ्यावा. त्याहून लांब धागा पीळ सोडतो आणि झिजतो. सुरुवातीचे व शेवटचे टोक मिळून 10 सेंटिमीटर सोडले तर 35 उरतात, आणि प्रत्येक जागेवरून दोनदा जायचे असल्यामुळे त्यातून साडेसतरा सेंटिमीटर रेघ निघते. टाका 2 मिलिमीटरचा असेल तर सुमारे 85 टाके. किनारीचा आराखडा आलेखकागदावर काढून त्याचे 80-85 टाक्यांचे जोडलेले तुकडे पाडावेत, शक्यतो एक गोपूर किंवा एक तुळस एका तुकड्यात. प्रत्येक तुकडा जोडलेला असल्यामुळे त्याची फेरी निघाल्या छिद्रातच संपते. दोन्ही टोके तिथे एकत्र येतात आणि शेजारच्या टाक्यांखालून दोन्ही दिशांना सरकवून लपवता येतात.